भुयाराची मालकीण

कूलरच्या ताट्या बदलायला काढल्या की लोकांना उन्हाळा आठवतो, मला सूड आठवतो. जुन्या ताट्यांचा तो ओलसर, कुबट, गवताळ वास नाकात गेला की हाताला आपोआप फासे खुळखुळवायची हुक्की येते आणि डोळ्यांसमोर भाऊजींचं टक्कल उभं राहतं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी चौथीच्या पोरांकडून क्षमा या विषयावर दहा ओळी लिहून घेते आणि ज्याच्या नऊच भरतात त्याला आणखी एक लिहायला लावते. त्याच बाईनं एका उन्हाळ्यात, पुठ्ठ्याच्या भुयारात, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या अंगावर कोळी सोडला होता. आणि तो सोडताना तिला जे वाटलं, ते दहा काय, शंभर ओळींत मावलं नसतं.

आमच्या सिंदेवाहीकडे मे महिन्यात माणूस सकाळी अकराला दार लावून घेतो, तो पाच वाजता उघडतो. मधले सहा तास सगळं घर एका खोलीत येऊन पडतं, कारण कूलर एकच. कुणी चटईवर, कुणी ओल्या फरशीवर. टोपलीत तेंदूच्या झाडाची टेंभरं असतात, वाटीत चारोळीची चारं असतात, त्यांच्या बिया कुणी कुठं टाकल्या यावरून भांडणं असतात. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पांढरी पट्टी भिंतीवर सरकत राहते. पाहुणे आवडते असतील तर या सहा तासांसारखं सुख नाही. नसतील तर काय, ते मी आता सांगणारच आहे.

त्या वर्षी भाऊजी निवृत्त झाले. गडचिरोलीचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि स्वतःच्या नव्या घराचं प्लास्टर राहिलं होतं. तेव्हा "आठ-दहा दिवस" म्हणून ते, माझी मोठी बहीण आणि त्यांची मुलगी आमच्याकडे आले. मोठ्या बहिणीला आम्ही घरात बाई म्हणतो. बाईला मुलगी उशिरा झाली. नाव श्रावस्ती, हाक मारायला श्रावू. तेव्हा नुकतीच बारावी देऊन नागपूरच्या वसतिगृहातून परतली होती. आठ-दहा दिवस म्हणून आलेली ही मंडळी मृग लागून गेला तरी आमच्याच कूलरसमोर होती. प्लास्टर हा प्रकार जगात कुठंच आठ-दहा दिवसांत होत नाही, हे मला कळायला हवं होतं.

भाऊजी वाईट नाहीत. तीच तर अडचण आहे. वाईट माणसाचा सूड घेणं किती सोपं जातं. आमच्या बाबांना दवाखान्यासाठी नागपूरला नेणारे भाऊजी, चुलतभावाचं लग्न जुळवणारे भाऊजी, विहाराच्या बांधकामाला दर रविवारी उभे राहणारे भाऊजी. घरात कुणाचं काही अडलं की पहिला फोन त्यांना. आणि ते एकच गोष्ट म्हणायचे, "आपण सगळे मिळून ठरवू."

मी बारावी झाले त्या जूनमध्येही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मला अकोल्याला शेतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. आमच्या गावच्या घराच्या ओसरीवर भाऊजी खुर्चीत बसले, बाकीचे चटईवर. नवे जवाई, सरकारी नोकरी, वय अठ्ठावीस, डोक्यावर तेव्हा भरपूर केस. "मी काही हुकूम सोडून नाई राह्यलो," म्हणाले, "सगळ्यांचं मत घेऊ." आणि त्यांनी खरंच घेतलं. आधी स्वतःचं सांगितलं, की पोरीच्या जातीला अकोला दूर, गडचिरोलीला डीएड होते, दोन वर्षांत नोकरी. मग बाबांना विचारलं. बाबा म्हणाले बराबर आहे. आईला विचारलं, आई म्हणाली तुम्हाले समजते. काकांना, बाईला. शेवटी माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं, "शाली, तुले काय वाटते?"

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते."

पत्र तेव्हा माझ्या रसायनशास्त्राच्या वहीत होतं आणि वही माझ्या मांडीवर होती. तीस वर्षं मी हे वाक्य मनात परत घ्यायचा प्रयत्न करते आहे. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली असती तर मी रडले असते, उपाशी राहिले असते, निदान चार लोकांना सांगत फिरले असते. पण माझ्या संमतीनं झालेल्या गोष्टीची तक्रार मी कुणाच्या दारात नेऊ? त्यात आमचं नशीब असं की लग्न होऊन मी आले सिंदेवाहीला. शाळेच्या रस्त्यावर धानाच्या संशोधनाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, आहेत. प्रत्येक बांधीत एक पाटी, पाटीवर वाणाचं नाव, आणि रोवण्याच्या दिवसांत पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात वही घेऊन चिखलात उभ्या असलेल्या बाया. त्यांच्याकडे न पाहता सायकल चालवायची सवय मला लागली आहे. एकदा त्या नादात म्हशीला धडकले.

तर, श्रावूनं आपल्या बॅगेतून दोन मोठे खोके काढले. वसतिगृहात मुली हेच खेळत, म्हणाली. प्रभाकर, म्हणजे माझा नवरा, खोक्यावरचं चित्र पाहून म्हणाला, "साप-शिडी आहे का?" त्याची अपेक्षा आयुष्यभर एवढीच राहिली आहे आणि म्हणून तो सुखी आहे.

पहिल्या खोक्यातला खेळ मिळून खेळायचा होता. एक राज्य, त्यात गावं, पूल, जंगल, आणि मध्यभागी एक विहीर. विहिरीतून काळं धुकं वर येतं आणि गावं गिळत सुटतं. आपण पाच जण पाच वीर. दर फेरीला एक पत्ता उलटायचा, की आणखी धुकं, आणखी भुतं. गंमत अशी की आपल्यातला कुणीच कुणाचा शत्रू नाही. शत्रू म्हणजे तो खोकाच. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे.

भाऊजी खूश झाले. "वा. घरच्या लोकाईनं असंच खेळाले पाहिजे."

भाऊजी ढालवाले योद्धे झाले. बाई वैदीण झाली, जखमी लोकांना औषध देणारी. प्रभाकर धनुर्धारी, श्रावू जादूगारीण, आणि मी कुलपं उघडणारी चोरटी. जीव मोजायच्या लाल चकत्या वसतिगृहात हरवल्या होत्या, म्हणून आम्ही चिंचोके घेतले. पहिल्या दिवशी पाचव्या मिनिटाला भाऊजींचं बोट खेळाच्या पाटावर आलं, ते पुढचे पंधरा दिवस उचललं गेलं नाही.

"शाली, तू पुलावर जा."

"मले विहिरीकडे जायचं होतं, भाऊजी."

"विहिरीले मी पाहतो ना. तू पुलावर जा. आपल्या सगळ्याईच्या भल्याचं सांगून राह्यलो." तोवर माझी सोंगटी पुलावर जाऊन उभी असे.

"मी नेम धरू का?" प्रभाकर विचारायचा.

"थांब. मी सांगीन तवा धर."

बाईला ते काही सांगतही नसत. नुसता हात पुढं करत, आणि बाई आपल्यापुढचे चिंचोके त्यांच्या तळहातावर ठेवी. मग उठून पन्हं करायला जाई. तिची पाळी भाऊजीच खेळून टाकत. आम्ही जिंकायचो. दर दुपारी जिंकायचो. धुकं हटलं, गावं वाचली, की भाऊजी मागं टेकून म्हणत, "पाह्यलं? सगळे मिळून केलं की काहीच कठीण नाई."

तिसऱ्या की चौथ्या विजयानंतर स्वयंपाकघरात श्रावू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, आपण खेळूनच नाई राह्यलो. बाबा एकटेच पाच सोंगट्या खेळून राह्यले. अशा खेळाले हा रोगच असते. एकाचा आवाज मोठा असला की बाकीचे नुसते हात होतात."

मी कैरी किसत होते. किसणीवर बोट सोललं गेलं. तीस वर्षं मी ज्याला माझा भित्रेपणा म्हणत होते त्याला खेळणाऱ्या लोकांमध्ये नाव आहे, तो रोग म्हणून ओळखला जातो, हे ऐकून काय वाटलं ते सांगता येणार नाही. डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितलं की दुखणं कमी होत नाही, पण माणूस ताठ बसतो, तसं काहीसं.

त्यानंतर मी फार विचार केला. उन्हाळ्यात विचाराला वेळ भरपूर. शत्रू बाहेर आहे, धुकं विहिरीतून येतं आहे, असं सांगितलं की आतल्या माणसाशी भांडणं हे पाप होऊन बसतं. गाव बुडत असताना तू कुठं जायचं म्हणतेस, हा प्रश्न आला की सोंगटी मुकाट पुलावर जाते. आणि शेवटी गाव वाचलंच ना, मग तक्रार कसली? डीएड झालं, नोकरी लागली, पेन्शन मिळेल. आमचंही गाव वाचलं होतं. फक्त मला विहिरीकडे जायचं होतं.

निकाल लागला आणि श्रावूला बरे गुण पडले, तेव्हा हे सगळं पुठ्ठ्यावरून उतरून खऱ्या चटईवर आलं. श्रावूला दगडांचं वेड आहे. लहानपणी आमच्या मावसभावाकडे सिरोंच्याला गेली होती, तिथून ती दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडा घेऊन आली. त्याच्यावर झाडाच्या वर्षांच्या रेषा तशाच होत्या. तेव्हापासून तिच्या खिशात, दप्तरात, उशीखाली दगड. तिला भूगर्भशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. भाऊजींनी चंद्रपूरला फार्मसी ठरवली होती. "दगड-गोटे काय, सुटीत जमा करता येते," असं त्यांचं म्हणणं. फॉर्म भरायची शेवटची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होती, आणि भाऊजींनी मला बजावलं होतं, "शाली, तू तिची लाडाची मावशी आहे. तू समजव. आपण सगळे मिळून सांगू."

मी हो म्हणाले. आणि त्याच दुपारी श्रावूला गाठून मी तिला समजवायला लागले, की पोरी, फार्मसी नको, मुळीच नको, तू शेतीला जा. अकोल्याला. बियाणं, माती, संशोधन, किती मोठं क्षेत्र आहे. माती म्हणजे तरी काय, बारीक झालेला दगडच. श्रावू टेंभराची बी चोखत ऐकत होती. "पाहू, मावशी," म्हणाली. मी हे रोज सांगत राहिले. आपण काय करतो आहोत हे माझ्या ध्यानात आलं नाही. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला आरसा दिसत नाही.

एका दुपारी श्रावूनं दुसरा खोका उघडला. हा भुयाराचा खेळ. यात पाट आधी दिसतच नाही. एक दार उघडावं, मग पुढची खोली मांडायची. खोलीत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. म्हणजे एकालाच ठाऊक असतं. पाचांपैकी चौघं वीर आणि पाचवा भुयाराचा मालक. त्याच्यापुढं पुठ्ठ्याचा आडोसा असतो, आडोशामागं नकाशा, कोळी, सांगाडे, गळणारं विष. त्याचं काम एकच, की समोरच्या चौघांना बाहेर जिवंत जाऊ द्यायचं नाही.

"म्हंजे घरच्याच माणसाच्या इरोधात?" भाऊजी म्हणाले. त्यांना ते आवडलं नव्हतं. पण मालकाला सगळं आधी ठाऊक असतं म्हटल्यावर डोळे चमकले.

मालक कोण, यावर वाद नको म्हणून श्रावू म्हणाली, वाटे करू. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात तलाव आटला की सगळं गाव मिळून मासे धरतं, आणि मग बांधावर घरटी एकेक ढीग मांडतात. भांडण नको म्हणून एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर काडी ठेवून विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस नाव घेतो, ढीग त्याचा. पाठमोरं उभं राहायचा मान गावातल्या एखाद्या जवायाला, कारण त्याचं स्वतःचं घर गावात नसतं, त्याला पक्षपात करायचं कारण नाही. आमच्या गावात हा मान वर्षानुवर्षं भाऊजींकडे होता.

श्रावूनं चटईवर पाच ढीग मांडले. चार वीरांचे, आणि एक आडोशाचा.

"पाठ मी करतो," भाऊजी लगेच म्हणाले. "जवाई मी आहे."

आणि त्यांनी पाठ केली. पण फिरायच्या आधी त्यांची नजर ढिगांवरून डावीकडून उजवीकडे सरकलेली मी पाहिली. आडोसा सगळ्यात शेवटी होता.

"हा कोनाचा?" श्रावूनं काडी ठेवली.

"प्रभाकरचा."

"हा?"

"तुहा."

"हा?"

"बाईचा."

"हा कोनाचा?"

"शालीचा," भाऊजी म्हणाले. आपला नंबर शेवटचा राखून ते समाधानानं वळले, तर काडी आडोशावर होती. श्रावूनं शेवटचे दोन ढीग उलट क्रमानं घेतले होते. भाऊजींच्या वाट्याला ढालवाला योद्धाच उरला. त्यांचं तोंड पाहून मला एकाएकी उमगलं, की आमच्या तलावाच्या वाट्यात दरवर्षी सगळ्यात मोठी मरळ आमच्याच घरी कशी यायची. आम्हाला वाटे, जवायाचा हात लक्ष्मीचा आहे.

"पुन्ना करू," भाऊजी म्हणाले. "बराबर नाई झालं."

"ढीग पुन्ना नाई करत, बाबा," श्रावू म्हणाली. "तुमीच शिकवलं."

तर अशी मी भुयाराची मालकीण झाले. आडोशामागं बसल्यावर मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणाचं बोट तिथं पोचत नव्हतं. नकाशा माझ्यापुढं, फासे माझ्या हातात, आणि समोर भाऊजी, टक्कल चमकवत, माझ्या पहिल्या दाराशी. पाच दुपारी हा खेळ चालला. शाळेचं टाचण मी आयुष्यात इतकं मन लावून लिहिलं नसेल, तितक्या मनापासून रोज सकाळी भाजी चिरता चिरता मी त्या दुपारच्या खोल्या मनात रचत होते. प्रभाकर एका खोलीत सापळ्यात अडकला तर मला वाईट वाटलं, मी त्याला सोडवायची वाट ठेवली. श्रावूला मी हात लावला नाही. बाईच्या वाटेत एक औषधाची कुपीही ठेवली. माझे सांगाडे, माझे उंदीर, माझं विष, सगळं एकाच सोंगटीच्या मागं होतं.

"पुन्ना माह्याच अंगावर?" भाऊजी म्हणायचे.

"फासे तसे पडले."

"फाशाचं नाव नको सांगू. तू ठरवून करून राह्यली."

"मंग? भुयारची मालकीण काय आरती ओवाळते का?"

"अवं पण आपण घरचे आहोत, शाली."

"इथी मी घरची नाई, भाऊजी," मी म्हणाले. त्या वाक्यानं माझी मलाच थंडी वाजली, आणि ती कूलरची नव्हती.

लोक म्हणतात मिळून खेळायचा खेळ माणसं जोडतो आणि भुयाराचा खेळ तोडतो. मला उलट दिसलं. समोर उघड वैरी बसला की त्याच्याशी निदान बोलता येतं, डाव टाकता येतो, हरवता येतं. वैरी जेव्हा आपल्याच बाजूला, आपल्या भल्यासाठी बसलेला असतो, तेव्हा त्याला हरवायचं कुठून? आणखी एक गोष्ट झाली. भाऊजी माझ्या कोळ्यांत इतके अडकले, की बाकीच्यांवर बोट फिरवायला त्यांना सवडच उरली नाही. प्रभाकर आपला आपण नेम धरायला लागला. धरायचा आणि चुकवायचा, पण चुकल्याचा आनंद त्याचा स्वतःचा होता. बाई पन्हं करायला उठेना. दार उघडायचं की नाही, यावर ती श्रावूशी हुज्जत घालायला लागली. तीस वर्षांत मी बाईला कशावर मत देताना पाहिलं नव्हतं, भाताला पाणी किती एवढं सोडून.

पाचव्या दुपारी मी त्यांना गाठलं. शेवटून दुसरी खोली, मागचं दार बंद, पुढं मोठा कोळी. भाऊजींच्या योद्ध्याचा एक चिंचोका उरला होता. बाईचाही एकच, आणि तिच्याजवळ ती कुपी. एका माणसापुरतं औषध.

भाऊजींनी न पाहताच हात पुढं केला. "दे."

बाईनं कुपी उचलली. तिनं ती भाऊजींच्या हातावर ठेवली नाही. आपल्या सोंगटीपाशी ठेवली आणि वाटीतले दोन चिंचोके घेऊन आपल्यापुढं मांडले.

"हे काय केलं?" भाऊजी म्हणाले.

"पेली मी," बाई म्हणाली.

"अवं, मी समोर आहो. मले पाह्यजे होती."

"मलेई पाह्यजे होती."

प्रभाकरनं धनुष्यबाण खाली ठेवला, म्हणजे त्याचा तो पुठ्ठ्याचा. भाऊजी बायकोकडे पाहत राहिले. रागानं नाही, घरातली रोजची पायरी पायाखाली नसावी तसं. बाईनं सोंगटी उचलली, कोळ्याला वळसा घातला आणि म्हणाली, "श्रावू, दार कोणत्या बाजूनं उघडते?"

मग माझी पाळी आली. मी फासे टाकले, कोळी चालला, भाऊजींचा शेवटचा चिंचोका मी माझ्या हातानं उचलून वाटीत टाकला. टप्प असा आवाज झाला. तीस वर्षं मी त्या आवाजाची वाट पाहत होते, आणि मला तो नीट ऐकूही आला नाही, कारण माझं सगळं लक्ष बाईकडे होतं. माझ्या कोळ्यापेक्षा तिची ती कुपी भारी होती. सूडातही मोठ्या बहिणीनं पहिला नंबर मारला, म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख. जेवणं झाल्यावर भाऊजींनी सगळ्यांना बसवलं. स्वतः खुर्चीत. चटईवर आम्ही. ओसरी नव्हती, सिंदेवाहीतली कूलरची खोली होती. पण मांडणी तीच, आणि शब्दही तेच. "मी काही हुकूम सोडून नाई राह्यलो. सगळ्याईचं मत घेऊ." आधी स्वतःचं सांगितलं. फार्मसी, चंद्रपूर, घरापासून जवळ. मग प्रभाकरला विचारलं. प्रभाकर म्हणाला, "मले त्यातलं समजत नाई," आणि हे तो सगळ्याच विषयांवर खरं बोलतो.

मग माझ्याकडे वळले. "शाली, सांग तिले."

मी ताठ बसले आणि म्हणाले, "फार्मसी नाई. श्रावू अकोल्याले जाईल. शेतीले. मी सांगून राह्यली. तिचं भलं कशात आहे ते मले समजते."

श्रावू माझ्याकडे पाहायला लागली. रागावली नव्हती. अगदी हळू म्हणाली, "मावशी, तूही?"

बस, इतकंच. मला माझं बोट दिसलं. बोलता बोलता मी ते तिच्याकडे रोखलं होतं, सरळ, पाटावर टेकवतात तसं. मी ते मुठीत घेतलं आणि मूठ पदराखाली घातली. सूड घ्यायला निघाले होते भाऊजींचा, आणि त्यांचंच बोट माझ्या हाताला फुटलं होतं. असं काही झालं की माणसानं जमिनीत गडप व्हावं म्हणतात. मी समोरच्या वाटीतले शेंगदाणे खाल्ले.

भाऊजी शेवटी मुलीकडे वळले. प्रेमानंच. "श्रावू, तुले काय वाटते?"

ते वाक्य मला पाठ होतं. ते तिच्या ओठांवर येताना मी पाहू शकले नसते.

"बाबा, पुण्याचा फॉर्म भरला मी," श्रावू म्हणाली. "सकाळीच. फीसुद्धा गेली."

"कोणाले विचारून?"

"आईले."

"फी कोणी भरली?"

"मी," बाई म्हणाली. "माह्या मोबाइलवरून. एवढं येते मले."

भाऊजींनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "मंग मत घ्याले काऊन बसवलं?"

"आमी नाई बसवलं, बाबा," श्रावू म्हणाली. "तुमीच बसवलं."

बाई उठून आत गेली. तिच्यामागं श्रावू गेली. प्रभाकर कूलरमध्ये पाणी घालायला बाहेर गेला, टाकी भरलेली असताना. खोलीत मी आणि भाऊजी उरलो. मला वाटलं होतं आता मला आनंद होईल. झालाही. पण आमंत्रण नसलेल्या लग्नात जेवल्यासारखा. माझा सूड माझ्या हातून गेला होता, दुसऱ्यांनी घेतला होता, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ घेतला होता.

भाऊजींनी खुर्चीतून वाकून चटईवर राहिलेला एक चिंचोका उचलला. मग मान वर न करता म्हणाले, "शाली, तुले तवा अकोल्याले जायचं होतं का?"

इतक्या वर्षांत मी या प्रश्नाची किती उत्तरं तयार केली होती. लांबलचक, अलंकारिक, काही तर यमक जुळणारी. मास्तरीण आहे. त्यातलं एकही आठवलं नाही.

"हो," मी म्हणाले.

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं, भाऊजी. सगळ्यांचं झाल्यावर विचारलं. एकटीला विचारलं असतं तर बोलले असते."

त्यांनी त्यावर विचार केला. खरंच केला, चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाले, "आता एकटीलेच विचारून राह्यलो ना."

"आता मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, भाऊजी."

त्यांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. कुठं जायचं, काय धरायचं, कशात भलं आहे, हे ते आता सांगतील असं वाटलं. पण त्यांनी तोंड पुन्हा मिटलं. त्यांच्याजवळ सांगायला काही नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. बाई असती तर तिनं चहाचं निमित्त काढून त्यांना त्यातून सोडवलं असतं. मी सोडवलं नाही. समोर बसून राहिले आणि डोळे भरून पाहत राहिले.